अनुमोदनाचा वाटा : मोठ्या ड्रोनची उड्डाणयोग्यता आणि प्रमादाचा विचार

एखादे यान उडू शकते असे म्हणणे आणि ते उडण्यास योग्य आहे असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. पहिले विधान यानाच्या सामर्थ्याविषयी असते आणि ते पतंगाविषयीही करता येते, तर दुसऱ्या विधानामागे कोणी माणूस किंवा संस्था उभी असते आणि ते खोटे ठरल्यास तिला जाब विचारता येतो. विमानवाहतुकीच्या कायद्यात या दुसऱ्या विधानाला ‘उड्डाणयोग्यता’ म्हणतात, म्हणजे यानाची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या निकषांना उतरली असून ते सुरक्षितपणे उडवता येईल असा सक्षम अधिकाऱ्याने दिलेला निर्वाळा. ‘योग्यता’ हा शब्द मराठीत रोजच्या वापरातला असला, तरी न्यायदर्शनात त्याला नेमका पारिभाषिक अर्थ आहे. वाक्याचा बोध होण्यासाठी पदांमध्ये आकांक्षा, योग्यता आणि संनिधी असावी लागते, आणि त्यांतली योग्यता म्हणजे अर्थाला बाध नसणे. विस्तवाने रोपांना शिंपण घातले असे कोणी म्हटले, तर व्याकरण बिनचूक असूनही वाक्य अडते ते या योग्यतेअभावी. योग्यता अशी मुळात अभावरूप आहे, आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रही बारकाईने वाचले तर त्यातून तेवढेच निघते: यान पडणार नाही असे ते सांगत नाही, पडण्याची जी कारणे माणसांना सुचली ती शोधून पाहिली आणि सापडली नाहीत, इतकेच ते सांगते.

भारतात हा निर्वाळा कोणत्या यानाला किती कडकपणे लागू व्हावा, हे मुख्यतः वजनावरून ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनी मानवरहित यानांचे पाच वर्ग केले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे. या नियमांची हद्द ५०० किलोपाशी संपते आणि त्याहून जड यानाला १९३७ चे विमान नियम लागतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते ड्रोन राहत नाही, विमान होते. नॅनो वर्ग आणि संशोधनासाठीची याने यांसारखे अपवाद सोडले, तर प्रत्येक नमुन्याला ‘प्रकार प्रमाणपत्र’ लागते. प्रकार प्रमाणपत्र म्हणजे एकेका यानाची नव्हे, तर त्या बनावटीच्या सर्व यानांची रचना तपासून दिलेली मान्यता, आणि ती भारतीय गुणवत्ता परिषद किंवा अधिकृत चाचणी संस्था यांच्या शिफारशीवरून नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. वर्गवारीमागचे गणित साधे आहे. हिरव्या विभागात, म्हणजे पूर्वपरवानगीविना उडता येते त्या हवेत, साधारण १२० मीटर उंचीची मर्यादा आहे. तेवढ्या उंचीवरून २५० ग्रॅमची वस्तू पडली तर हवेचा विरोध न धरता ती जमिनीशी सुमारे २९४ ज्यूल ऊर्जा घेऊन येते आणि १५० किलोची वस्तू पावणेदोन लाख ज्यूल घेऊन येते, म्हणजे सहाशेपट.

तरीही १५० हा आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही. युरोपातही याच आकड्याखालची याने २०१८ पर्यंत प्रत्येक देशाच्या आपापल्या कायद्यावर सोडलेली होती आणि नंतरच्या नियमावलीने ती वजनाची रेघ पुसून धोक्यानुसार ‘खुला’, ‘विशिष्ट’ आणि ‘प्रमाणित’ असे तीन गट केले, ज्यांत हलके पण गर्दीवरून जाणारे यान रानावरून जाणाऱ्या जड यानापेक्षा अधिक कडक तपासणीस पात्र ठरू शकते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वाचकाला रेघेचे हे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून एका रेघेच्या अलीकडे-पलीकडे काय काय बदलते आणि काय अजिबात बदलत नाही, हे बेळगाव, निपाणी, खानापूरच्या माणसांनी पुरते पाहिलेले आहे. हवेचा कायदा मात्र केंद्राचा असल्याने दूधगंगेच्या कागलकडच्या काठावरून निपाणीकडच्या काठावर गेलेल्या ड्रोनचा नियम बदलत नाही, भले खालच्या शेताचा सातबारा संपून तिथे कर्नाटकाचा उतारा सुरू होत असो.

वैमानिक नसलेल्या यानाविषयीची धास्ती या सर्व नियमांहून जुनी आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराच्या आठव्या कलमानेच असे यान दुसऱ्या देशाच्या हद्दीवरून त्या देशाच्या खास परवानगीविना नेण्यास मनाई केली. या मनाईमागे केवळ तंत्राची अपुरी प्रगती होती असे मानणे उथळपणाचे ठरेल. वैमानिक आत बसतो तेव्हा त्याचा स्वतःचा जीव त्या उड्डाणाला तारण असतो; इंजिनाचा आवाज जरा वेगळा आला की त्याला इतरांची काळजी वाटण्याआधी स्वतःची वाटते आणि त्या स्वार्थी काळजीतच इतरांचे रक्षण होऊन जाते. वैमानिक जमिनीवर आला की हे तारण उठते. मग ज्याचा जीव पणाला लागतो तो तिकीट काढलेला प्रवासी नसतो, संमती दिलेला सैनिकही नसतो. तो खाली फडात ऊस तोडणारा, डोक्यावरून काय चालले आहे याची गंधवार्ताही नसलेला माणूस असतो. २० ऑगस्ट २०२३ रोजी संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे ‘तपस’ हे मानवरहित विमान चाचणीच्या उड्डाणात चित्रदुर्ग जिल्ह्यातील हिरियूर तालुक्यात वड्डीकेरे गावाजवळच्या शेतात कोसळले आणि त्याआधी १७ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच मालिकेतले यान त्याच जिल्ह्यात जोडीचिक्केनहळ्ळीपाशी पडले होते. अशी विमाने ड्रोन नियमांखाली येत नाहीत, कारण सैनिकी यानांची उड्डाणयोग्यता बेंगळूर येथील ‘सेमिलॅक’ हे वेगळे केंद्र पाहते. परंतु शेत कोणत्या नियमाखाली आहे असे पडणारे यान विचारत नाही.

खालच्या अनभिज्ञ जीवाविषयीच्या जबाबदारीच्या या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी निपाणीच्या परिसरातच फार पूर्वीपासून नांदते आहे. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या संगमाजवळचे भोज हे विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा उभारी देणाऱ्या आचार्य शांतिसागरांचे गाव; तवंदी घाटातले स्तवनिधी हे जैनांचे जुने तीर्थ; आणि चिकोडी तालुक्यातले सदलगा हे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे जन्मगाव, ज्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत असताना १९३५ मध्ये कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ या प्राकृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या मुलखातला जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे, त्यामुळे अहिंसेचा विचार येथे मठाच्या ओसरीवर जितका झाला, तितकाच नांगराच्या फाळामागून चालतानाही करावा लागला. जमीन उकरली की जीव मरतात हे ठाऊक असून जमीन कसायची, तर हिंसा म्हणजे नेमके काय, हे ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जैन आचार्यांनी दिलेले उत्तर असे, की हिंसेची ओळख मरणाऱ्याच्या देहावरून पटत नाही, मारणाऱ्याच्या प्रमादावरून पटते. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, कर्तव्याविषयीची बेफिकिरी; उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या कृतीला प्रमादयुक्त प्रवृत्तीची अट जोडलेली आहे आणि कुंदकुंदाचार्य त्याहून पुढे जाऊन असे प्रतिपादन करतात, की बेफिकीर वागणाऱ्याच्या हातून समोरचा जीव वाचला तरी त्याला हिंसा लागते आणि जपून वागणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला तरी केवळ तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही. जपून वागणे म्हणजे काय हेही मोघम ठेवलेले नाही. ईर्यासमिती, म्हणजे चालण्यातली सावधानता, मुनीला दिवसाउजेडी, रुळलेल्या वाटेने, पुढची सुमारे चार हात जमीन पाहत चालायला सांगते; हातातली मोरपिसांची पिंछी बसण्यापूर्वी जागा झाडून घेण्यासाठीच असते; आणि चातुर्मासात मुनी एका ठिकाणी थांबतो तो कोणता अपघात घडला म्हणून नव्हे, पावसाने जमिनीवरचे जीव वाढले आणि काल सुरक्षित असलेली चाल आज तशी राहिली नाही म्हणून.

वरवर पाहता उड्डाणयोग्यतेचा कायदाही याच वळणाचा आहे. प्रकार प्रमाणपत्र नसलेले ड्रोन कोणालाही इजा न करता उतरले तरी नियमभंग झालेलाच असतो आणि त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; उलट सर्व तपासण्या पार पडलेले यान अकल्पित कारणाने कोसळले, तर भरपाई द्यावी लागली तरी उडवणाऱ्याला त्याच मापाने अपराधी ठरवले जात नाही. परिणामापेक्षा सावधानतेला तोलणारा कायदा लोकांना अनेकदा जाचक वाटतो, कारण काहीच झाले नाही तर दंड कशाचा, हा प्रश्न सामान्य समजुतीला धरून आहे.

परंतु येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून साम्य दाखवत बसणे हे अप्रामाणिक होईल. प्रमाद हा जीवाचा धर्म आहे. यंत्र अजीव असल्याने त्याला प्रमाद होत नाही आणि त्याच कारणाने त्याला अप्रमादही साधत नाही. चालणाऱ्या मुनीची नजर आणि पाऊल एकाच देहात असतात, तर मोठ्या ड्रोनच्या बाबतीत पाऊल आकाशात असते, नजर म्हणजे कॅमेरा आणि संवेदक यांचा समूह असतो आणि सावध राहण्याचा निर्णय कित्येक महिन्यांपूर्वी दुसऱ्याच गावी एका अभियंत्याने संगणकासमोर घेतलेला असतो. सावधानता अशी आगाऊ साठवून ठेवता येते का? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्म आत येण्याच्या वाटांची, म्हणजे आस्रवाची, जी फोड केली आहे ती या ठिकाणी अनपेक्षितपणे उपयोगी पडते. संरंभ म्हणजे संकल्प, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. हे तीन मन, वाणी आणि काया या तिहींनी, स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून किंवा त्याला अनुमोदन देऊन, आणि क्रोध, मान, माया, लोभ या चारांपैकी कशाच्या तरी प्रेरणेने घडतात, म्हणून एकूण प्रकार १०८ होतात. जपमाळेच्या १०८ मण्यांची एक उपपत्तीही याच गणिताने देतात. उड्डाणयोग्यतेच्या शास्त्रात आराखड्याची मान्यता, उत्पादनाची मान्यता आणि वापरातल्या यानाची सततची देखभाल अशा तीन स्वतंत्र पायऱ्या असतात, आणि संरंभ, समारंभ, आरंभ या क्रमाशी त्यांची जवळीक कोणाच्याही लक्षात येण्यासारखी आहे.

त्याच अध्यायात पुढे अजीव वस्तूही आस्रवाचे अधिकरण, म्हणजे आधार, कशी होते हे सांगितले असून त्यांत निर्वर्तना म्हणजे घडवणे, निक्षेप म्हणजे ठेवणे, संयोग म्हणजे जोडणे आणि निसर्ग म्हणजे प्रवृत्त करणे असे भेद आहेत. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत निक्षेपाचे चार दोष दिले आहेत: न पाहता ठेवणे, नीट साफ न करता ठेवणे, घाईत ठेवणे आणि चित्त नसताना कुठेतरी ठेवून देणे. मुनीच्या कमंडलूसाठी लिहिलेली ही यादी हँगरच्या भिंतीवर लावली तरी चालेल. ड्रोनच्या पंख्याचे पाते दिवसाच्या कामानंतर पुसून, उजेडाकडे धरून, कडेवरून नख फिरवून पाहावे लागते, कारण केसाएवढी चीर डोळ्याला दिसण्याआधी नखाला लागते. फवाऱ्याच्या औषधाचा पांढरट थर तसाच राहिला तर ती चीर झाकली जाते, आणि घाईत उलटे बसवलेले पाते जमिनीवर फिरताना पुष्कळदा निमूट फिरते. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या प्रत्येक तावाला ‘हीट नंबर’ देण्याची रीत आहे, म्हणजे भाग तडकला तर तो कोणत्या दिवशीच्या, कोणत्या भट्टीच्या रसाचा होता हे मागे जाऊन काढता येते. निर्वर्तनेचा हिशेब ठेवणे म्हणजे हेच.

(प्राचीन ग्रंथांत ड्रोन होते असे यातून कोणी काढू नये. वैमानिक शास्त्र म्हणून गाजलेला ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी कर्नाटकातच सांगून उतरवला गेला होता आणि बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातली याने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष काढला; उड्डाणयोग्यतेची ती एक आगळी, पण सचोटीची तपासणी होती.)

प्रश्नाचे मर्म त्या १०८ पैकी ‘अनुमोदित’ या पदाशी आहे. जैन विचारात अनुमोदन देणारा कृतीच्या बाहेर उभा राहत नाही; करणारा, करवणारा आणि ‘ठीक आहे’ म्हणणारा हे तिघेही तिच्यात वाटेकरी असतात. प्रमाणपत्र देणारी संस्था दुसरे काय करते? आधुनिक कायद्याची रचना मात्र तिला साक्षीदार मानते, सहकर्ता मानत नाही, आणि यान पडल्यावर निर्माता प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो व प्रमाणपत्र देणारा निर्मात्याने पुरवलेल्या माहितीकडे. २०२१ चे नियम आणताना शासनाने विश्वास, स्वयंप्रमाणन आणि अनाठायी हस्तक्षेप न करणारी देखरेख हा त्यांचा पाया असल्याचे जाहीर केले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर आले. भारतीय दर्शनांच्या भाषेत हा स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य यांचा वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते आणि बाधक पुरावा येईपर्यंत ते प्रमाण मानावे, तर नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्यावर विसंबून केलेली कृती फळाला येते की नाही यावरून, ठरवावे लागते. मीमांसकांची बाजू दिसते तितकी भोळी नाही, कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष मागत गेले तर अनवस्था, म्हणजे कुठेच न थांबणारी साखळी, ओढवते, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याला प्रमाणपत्र कोणी द्यायचे हा प्रश्न विमानवाहतुकीतही तसाच न संपणारा आहे. दोन किलोच्या ड्रोनसाठी मीमांसकांचे म्हणणे मान्य करण्यात फारसे बिघडत नाही. दीडशे किलोच्या पुढे मात्र नैयायिकांची कसोटीही अपुरी पडते, कारण तेथे कृती फसली की मगच अप्रामाण्य कळणार आणि ते कळेपर्यंत शेतात माणूस पडलेला असणार. बोईंग ७३७ मॅक्सच्या प्रकरणात अमेरिकी नियामकाने तपासणीचे बरेच काम निर्मात्याच्याच अभियंत्यांकडे सोपवलेले होते, आणि ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे दगावल्यावर जगभर ती विमाने जमिनीवर आणली गेली. तो चातुर्मास उशिरा लागला.

यातून सुटण्याची न्यायदर्शनातली वाट ‘आप्त’ या कल्पनेत आहे. न्यायभाष्यकार वात्स्यायनांच्या मते ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो वा म्लेंच्छ. अनवस्था थांबते ती अशा माणसापाशी, पदापाशी नव्हे. मोठ्या ड्रोनच्या प्रमाणपत्रावर म्हणूनच संस्थेच्या शिक्क्याइतकेच महत्त्व त्या अभियंत्याच्या सहीला असायला हवे, ज्याने नियंत्रकाशी असलेला दुवा तुटल्यावर यान काय करते हे स्वतः मैदानावर उभे राहून पाहिले; आणि अनुमोदनात वाटा असतो हे एकदा मानले की भरपाईतही त्या संस्थेचा वाटा असावा, ही मागणी अवास्तव ठरत नाही. अशा वाट्याच्या भीतीने संस्था प्रमाणपत्रेच देणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण जोखीम कोणीतरी उचलतच असते, आणि आज ती फडातला माणूस उचलतो.

आकड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. मोठ्या प्रवासी विमानात सर्वनाश ओढवेल असा बिघाड उड्डाणाच्या अब्ज तासांत एकदा घडण्याहूनही विरळ असावा असा दंडक आहे, आणि १५० किलोपासून २०,००० किलोपर्यंतच्या स्थिरपंखी मानवरहित विमानांसाठी ‘नाटो’ने स्टॅनॅग ४६७१ या नावाची वेगळी प्रमाणसंहिता केली आहे. अहिंसेच्या विचाराला असा आकडा परका वाटतो, कारण त्यात अमुक इतके मृत्यू आधीच मान्य केलेले असतात. तरीही गृहस्थाच्या धर्माने असा हिशेब कधीच नाकारलेला नाही: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार मानून श्रावकाने संकल्पी, म्हणजे हेतुपूर्वक केलेली, हिंसा पूर्ण सोडावी आणि चूल, धंदा, स्वसंरक्षण यांत अटळ असलेली बाकीची जमेल तितकी घटवत न्यावी, असे सांगितलेले आहे. अब्जांत एक हा आकडा म्हणजे उद्योगी हिंसेला घातलेला बांध आहे, इतके म्हणता येईल. तो आणखी वर चढवायचा की नाही, हे आकडा ठरवू शकत नाही.

निपाणी भागात आज दिसणारे ड्रोन मोठे नाही. साधारण दहा लिटरची टाकी वाहणारे ते फवारणीचे यान आहे, आणि महिला बचत गटांना असे १५,००० ड्रोन देण्याच्या १,२६१ कोटी रुपयांच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेनंतर ते खेडोपाडी ओळखीचे झाले. पुरुषभर उंचीच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे जिकिरीचे असते, आणि लोकरी मावा या किडीने २००२ नंतर या पट्ट्यातल्या उसाची काय दशा केली होती ते शेतकरी विसरलेले नाहीत. त्या यानाचे वजन, त्याचा दुवा तुटल्यास घरी परतण्याची सोय, त्याच्या बॅटरीची क्षमता हे सर्व प्रमाणपत्रासाठी तपासले जाते, जेणेकरून खाली कोणाला इजा होऊ नये. आणि ते उडते मात्र खालच्या असंख्य जीवांना मारण्यासाठीच. ही संकल्पी हिंसा की उद्योगी, यावर भोज-सदलग्याच्या शिवारातल्या जैन शेतकऱ्याचे परंपरेने चालत आलेले उत्तर उद्योगी असेच आहे, जरी टाकी भरताना हेतू अगदी स्पष्ट असतो. यानाच्या उड्डाणाची वेळ, उंची आणि मार्ग यांची नोंद यंत्रात आपोआप राहते. मेलेल्या माव्याची नोंद झालीच तर संध्याकाळच्या प्रतिक्रमणात, म्हणजे दिवसभराचे दोष आठवून त्यांतून मागे फिरण्याच्या नित्यविधीत, होते, आणि ती कोणत्याही संचालनालयाकडे पाठवावी लागत नाही.